गुरुजींची सत्तावीस मिनिटं

परवा बेळगावच्या सांबरा विमानतळावर एका निवृत्त गुरुजींनी मला भर रांगेत नापास केलं. ओळख ना पाळख. अजून डोक्यातनं जात नाही.

"कुठं जाऊलास?"
"बेंगळूरला."
"इंजिनेर काय?"
"व्हय."
"मग सांग बघू, हवेतनं बेंगळूर किती?"

मोबाईल काढला. सरळ रेषेत सुमारे 445 किलोमीटर.

"पंख्याचं विमान ताशी 500 नं जातंय असं धर. वेळ किती?"
"त्रेपन्न मिनिटं."
"आणि तिकिटावर?"
"एक तास वीस."
"मग मधली सत्तावीस मिनिटं कुणी खाल्ली?"

मागच्या मावशी माझ्या बॅगेकडं संशयानं बघू लागल्या.

मी समजावलं. विमान जागेवरनं हललं की घड्याळ सुरू होतं आणि तिकडं जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंत रांगणं, उतरायला नंबर लागेपर्यंत आकाशात गिरक्या, वळणावळणाची वाट, सगळं त्यात धरतात. शिवाय थोडी मिनिटं कंपनी पदरची घालते, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर दिसतो.

"म्हंजे उभं राहिलेलं पण प्रवासात धरतात?"
"व्हय."
"मग मी वडगावातनं निघाल्यापासनं का धरत नाहीत रे?"

इथं मी गप्प. गुरुजींनी मान हलवली. ही मान मला सातवीपासून ठाऊक आहे.

मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी मुंबईचं अंतर विचारलं. 400 च्या आसपास, म्हणालो. गुरुजी उजळले. "म्हंजे हवेतनं मुंबईच जवळ! पंचेचाळीस किलोमीटरनं! बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या 1967 च्या अहवालात महाजनांनी हे मोजलं नव्हतं काय?" आवाज थेट चन्नम्मा चौकातल्या सभेचा. पुढं तपासणीला उभा असलेला जवान वळून बघायला लागला. त्याला मराठी येत होतं की नाही देव जाणे, पण माझाच पट्टा दोनदा काढायला लावला. गुरुजींना मात्र "या अज्जा" म्हणून पुढं सोडलं.

खरं सांगायचं तर चीड गुरुजींची नाहीच. 1942 मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेली ही धावपट्टी. लहान गावं विमानानं जोडायच्या सरकारी उडान योजनेत इथनं भराभर विमानं सुरू झाली, तीन वर्षांचं अनुदान संपलं तशी बरीच गुपचूप बंद पडली. राहिलेल्यातलं एखादं रद्द झालं की मोबाईलवर एक ओळ येते, आणि मग हुबळी गाठा, नाहीतर रात्रभर बसमध्ये मान मोडून घ्या. तरी पाहुणे म्हणतात, तुमचं काय, तासाभराचं तर काम.

विमान बेंगळूरच्या देवनहळ्ळीला उतरलं, वेळेच्या दहा मिनिटं आधी. आत कौतुकानं घोषणा झाली. दोन रांगा पुढं बसलेले गुरुजी वळून ओरडले, "इंजिनेर! दहा सापडली! सतरा राहिली!"

उरलेली सतरा मला बाहेर टॅक्सीच्या रांगेतच मिळाली, व्याजासकट. तिथनं जयनगरला पोचेपर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यात तेच विमान परत सांबऱ्याला टेकलं असतं. भाडं किती झालं ते विचारू नका, घरात अजून सांगितलेलं नाही.