"एकदा चिकटलं की कोणी काढत नाही" हे पोरांना सांगणं बंद करा

सध्या ग्रुपाग्रुपवर एक मेसेज फिरतोय, सरकारी नोकरी लागली की लाइफ सेट, काम करो न करो कोणी काढू शकत नाही, म्हातारपणी पेन्शन आहेच, म्हणून पोरांनो बाकी सगळं सोडा आणि फक्त स्पर्धा परीक्षा करा. वाचून खरंच काळजी वाटते, कारण असल्या मेसेजवर पोरं उमेदीची वर्षं लावतात.

कोणी काढू शकत नाही? घटनेचं कलम 311 म्हणतं की आरोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडायची संधी देऊनच काढा, त्यातही अपवाद आहेत. महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत ठपका, वेतनवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं ते थेट बडतर्फी सगळं आहे, आणि बडतर्फ झालात तर पुढे दुसऱ्या सरकारी नोकरीचं दारही साधारणपणे बंद. प्रोबेशनवर, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या काळात तर काम समाधानकारक नाही एवढ्यावरही सेवा संपवता येते. सस्पेंड झालेला माणूस एकदा जवळून बघा, सुरुवातीला अर्ध्या पगाराच्या हिशोबाने निर्वाह भत्ता, ठरवून दिलेलं मुख्यालय परवानगीशिवाय सोडायचं नाही, भत्ता हवा तर दुसरीकडे काम करत नाही असं लिहून द्यायचं, आणि घराचा हप्ता चालूच. चौकशा लांबतात हे मान्य, पण लांबली म्हणजे सुटला असं नसतं.

काम नाही केलं तरी चालतं म्हणे. राज्याच्या 2005 च्या बदल्या आणि कामातल्या दिरंगाईवरच्या कायद्यातच लिहिलंय की फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकवायची नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवा विनाकारण वेळेत दिली नाही तर 500 ते 5000 रुपये दंड आहे. नीट पाळलं जात नाही ही लोकांची तक्रार रास्तच आहे, पण म्हणून नियमच नाहीत असं पोरांना शिकवायचं का?

पेन्शनचं म्हणाल तर 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन (शेवटच्या पगारावर ठरणारी) आपोआप नाही, मार्च 2023 चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप त्यासाठीच झाला.

आणि "बाकी सगळं सोडा" हे सगळ्यात घातक. 2023 च्या तलाठी भरतीत 4644 जागा आणि 10 लाखांवर अर्ज होते, मग उरलेल्यांनी काय करायचं? जो लागतो त्याच्यापुढेही लगेच आवक-जावक रजिस्टर (आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद) आणि टिपणी (फाइलवर लिहायची नोंद) येते, जी क्लासमध्ये कोणी शिकवलेली नसते. अभ्यास जरूर करा, पण सोबत मिनिटाला मराठी 30, इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग, एक्सेल, धड अर्ज लिहिणं एवढं पक्कं करा, पतसंस्थेत किंवा सीएच्या ऑफिसातही ते चालतं. आणि किती अटेम्प्ट द्यायचे ते घरच्यांसोबत बसून आत्ताच ठरवा.