‘चालत्या मशीनला हात लावू नका’: मेसेज अर्धाच खरा

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखानदारांत एक मेसेज फिरतोय. ‘चालत्या मशीनला हात लावू नका. बिघडलं की दुरुस्त करा. रिलायबिलिटी (मशीन भरवशाने चालावं म्हणून आधीच घेतलेली काळजी) वगैरे विमानवाल्यांचे चोचले, आपल्याला परवडत नाहीत.’

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि गंमत म्हणजे ते आकड्यांत मांडलं विमानवाल्यांनीच. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालात फक्त ११ टक्के भाग वयोमानाने बिघडणारे निघाले. ६८ टक्के भागांना सर्वांत जास्त धोका होता तो नवे बसवल्या-बसवल्या. डीसी-८ विमानात ३३९ भागांचं ठरावीक तासांनी ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) व्हायचं. डीसी-१० मध्ये असे भाग उरले ७. म्हणजे चोचले वाढले नाहीत, कमी झाले.

पण यावरून ‘बिघडेपर्यंत थांबा’ हे निघत नाही. काय बिघडतंय त्यावर ते ठरतं. ऑफिसातला पंखा खुशाल बंद पडू दे. भट्टीचं तसं नाही. इंडक्शन फर्नेसचं (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीचं) लाइनिंग, म्हणजे आतला उष्णतारोधक थर, खाल्लं गेलं, की रस (वितळलेला धातू) थेट भोवतीच्या कॉइलकडे जातो, आणि कॉइलमध्ये थंड ठेवायला पाणी फिरत असतं. रस आणि पाणी भेटलं की स्फोट, हे फौंड्रीवाल्याला सांगायला नको. म्हणून लाइनिंगची जाडी मोजायची, अर्थ लीकेजचं (जमिनीकडे गळणाऱ्या विजेचं) रीडिंग रोज वहीत लिहायचं आणि ते कुठल्या दिशेला सरकतंय ते बघायचं.

त्याहून फसवा असतो लाइट गेल्यावर कॉइलला पाणी देणारा डिझेल पंप. तो नादुरुस्त असला तरी रोजच्या कामात काहीच अडत नाही. कळतं ते नेमकं भट्टी भरलेली असताना लाइट गेल्यावर. ‘बिघडलं की’ म्हणणाऱ्याला हा बिघाड दिसतच नाही. तो पंप काम नसतानाही मुद्दाम चालवून बघावा लागतो.

राहिलं परवडण्याचं. महागडे सेन्सर लागतात हा समज कुणी पसरवला कोण जाणे. टेंपरेचर गन, बेअरिंगचा बदललेला आवाज ओळखणारा ऑपरेटर आणि ग्रीस मापात (जास्त भरलं तरी बेअरिंग तापतंच), एवढ्यावर सुरुवात होते. उलट दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडला तर नुसतं मेकॅनिकचं बिल धरून भागत नाही. मोल्डिंग (साचे बनवणं) थांबतं, रस भट्टीत तसाच गरम ठेवायचा म्हणून वीज जळत राहते, आणि ते युनिट महावितरणच्या बिलात येतात. मेंटेनन्सच्या खात्यात कुणी लिहीत नाही.