इंजेक्शनने फुगा बसत नाही, काकू

रविवारी सकाळी पोह्यांवर सेव पडायच्या आत तो मेसेज आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरच्या तीन ग्रुपांवर फिरून आला होता: मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझमला (धमनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याला) ऑपरेशन नको, जपानने जीन थेरपी शोधली, स्टेम सेलचं (नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींचं) एक इंजेक्शन घेतलं की फुगा बसतो, भारतातही मिळतं, डॉक्टर मात्र सांगत नाहीत. एरवी मी असलं वाचून सोडून देते. पण शेजारच्या काकूंच्या एमआरआयमध्ये सहा मिलिमीटरचा फुगा निघालाय, आणि मेसेज वाचून त्यांनी न्यूरोसर्जनची तारीख रद्द केली. म्हणून, त्यांना विचारूनच, मेसेजचं एकेक वाक्य घेऊन हे लिहिते.

‘जीन दुरुस्त केला की फुगा गेला.’ कुठला जीन? २०२० साली दहा हजारांहून जास्त रुग्णांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फुग्याच्या धोक्याशी जोडलेल्या जनुकांतल्या १७ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा थोडा-थोडा. रक्तदाब आणि धूम्रपान यांच्याशी असलेलं नातं त्यातही दिसलंच. झाबुआ-अलीराजपूरकडच्या सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, गोष्ट वेगळी. तिथे एका जीनमधलं एकच अक्षर बिघडलेलं असतं, आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी शरीराबाहेर काढून, त्यांत बदल करून परत घालता येतात. मेंदूची धमनी अशी काढून, धुऊन परत बसवता येत नाही.

जपानचं २०२३ चं संशोधन मात्र खरं आहे, आणि सुंदर आहे. रुग्णांच्या फुग्याच्या भिंतीतच काही जनुकीय बदल सापडले. त्यातला एक विषाणूच्या पाठीवर बसवून उंदरांच्या धमनीत पोचवला, तर धमनी फुगली. म्हणजे जीन इथे फुगा बसवायला नव्हे, आणायला वापरला होता! वाढ रोखली ती सुनिटिनिब या कॅन्सरच्या औषधाने. तीही उंदरांत.

‘स्टेम सेल फुग्यातलं भोक बुजवतात.’ फुग्याला भोक नसतं, भिंत पातळ झालेली असते. भोक पडलं की रक्तस्राव, आणि मग मिनिटं मोजायची वेळ येते. शिवाय सलाईनमधून सोडलेल्या या पेशींपैकी बऱ्याचशा आधी फुप्फुसांतच अडकतात. उंदरांत त्यांनी सूज कमी केली, फुगे फुटण्याचं प्रमाणही घटलं, हे मी नाकारत नाही. पण त्या उंदरांना फुगा आणला होता रक्तदाब वाढवून आणि धमनीचा लवचीकपणा घालवणारं विकर टोचून. काकूंच्या धमनीने पासष्ट वर्षं सोसलंय.

‘ऑपरेशन म्हणजे कवटी उघडणं.’ सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली फुग्याच्या तोंडाशी पहिली क्लिप, म्हणजे चिमटा, लावली तेव्हा तसंच होतं, आणि आजही काही फुग्यांना क्लिपच बरी. पण १९९० पासून जांघेतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, भरता येते. आता फ्लो डायव्हर्टर आहे: धमनीत, फुग्याच्या तोंडावर बसणारी दाट जाळीची नळी. फुग्यात शिरणारं रक्त मंदावतं, आणि काही महिन्यांत धमनीच्याच पेशी जाळीवर चढून नवं अस्तर करतात. पेशींचाच उपचार हवा असेल तर हा घ्या; पेशी घरच्याच.

‘भारतात मिळतं.’ २०२३ मध्ये मंजूर झालेली आपली कार-टी थेरपी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देणं) रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतात, तेही रक्ताच्या आजारांसाठी. बाकी आजारांवर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

‘डॉक्टर लपवतात.’ ज्याचं बिल लावता येईल असा उपचार कोण लपवेल?

मेसेजमधलं ‘लहान फुग्याला घाई नको’ हे तेवढं अर्धं खरं आहे. शंभरातल्या साधारण तीन प्रौढांत असा फुगा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. लहान असला तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. पण ते जागा, वय, घराण्यातला इतिहास पाहून डॉक्टर ठरवणार. मग ठरल्या तारखांना स्कॅन, रक्तदाब ताब्यात, सिगारेट बंद. इंजेक्शनची वाट बघत तारीखच रद्द करणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. आणि जन्मात झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात उठली किंवा एक पापणी अचानक खाली आली, तर ग्रुपवर विचारायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

काकूंनी बुधवारची तारीख घेतलीय. रक्तदाब लिहायला मी वही दिली, तर पहिल्या पानावर त्यांनीच लिहून ठेवलंय: ‘पोह्यांवर सेव नाही.’