‘जास्त वॅटची गिअरलेस घ्या’: हा सल्ला कुठे कुठे फसतो

सायकलला मोटर बसवायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: "परवडेल तितक्या जास्त वॅटची गिअरलेस हब मोटर घ्या. वॅट जास्त, तर चढ सोपा. गिअरवालीचे प्लॅस्टिकचे दात झिजतात. गिअरलेस उतारावर बॅटरी भरते. आणि बसवायचं काय, चाक बदललं की झालं." हब मोटर म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर: गिअरलेस चाक थेट फिरवते, गिअरवाली आतल्या दातांच्या चाकांतून. यातलं वॅटचं वाक्य सगळ्यात महागात पडतं, म्हणून आधी तेच.

"वॅट जास्त, तर चढ सोपा."

मोटरवरचा वॅटचा आकडा म्हणजे ती फार न तापता सतत किती काम करील, याचा बनवणाऱ्याने लावलेला अंदाज. प्रत्यक्षात तिला किती ताकद मिळणार, हे बॅटरीचे व्होल्ट आणि कंट्रोलरचे (मोटरला किती प्रवाह द्यायचा ते सांभाळणाऱ्या डब्याचे) अँपिअर ठरवतात. 36 व्होल्ट आणि 15 अँपिअर म्हणजे 540 वॅट. मोटरवर 250 छापलेलं असो की 500.

चढाला खरा लागतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ. स्वार आणि सायकल मिळून 100 किलो आणि चढ 8 टक्के धरा. चढाचे 78 आणि टायरचे साधारण 8, असं 86 न्यूटन बल झालं. 26 इंची चाकाला त्यासाठी सुमारे 28 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ताशी 15 किमीने चढलात तर 360 वॅट, 8 किमीने चढलात तर 190. वॅट जवळजवळ निम्मे झाले, टॉर्क मात्र तेवढाच राहिला. वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) तापतं ते या टॉर्कसाठी लागणाऱ्या प्रवाहामुळे, तेही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे थ्रॉटल कमी करून रमतगमत चढल्याने मोटरला विश्रांती मिळत नाही. ती तितकीच तापत जवळपास दुप्पट वेळ चढावर राहते. तिचा भार पायांनीच कमी होतो. ताशी 15 किमीला पॅडलवर 100 वॅट दिलेत, तर मोटरवरचा टॉर्क 28 वरून 20 वर येतो आणि वाइंडिंगमधली उष्णता निम्मी होते.

गिअरवालीत आतली मोटर चाकाच्या साधारण 4 ते 5 पट वेगाने फिरते, म्हणून तिला स्वतःला टॉर्क तितक्या पटीने कमी द्यावा लागतो. तीन किलोची गिअरवाली छोट्या चढावर सहा किलोच्या गिअरलेसला भारी पडते ती यामुळेच. लांबलचक, न थांबता चढायच्या घाटात मात्र गिअरलेसचं वजन उपयोगी पडतं: एवढं लोखंड आणि तांबं तापायला वेळ लागतो.

वॅटच्या आधी विचारायचा आकडा आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे त्याचा. 36 व्होल्टला 201 आरपीएमची मोटर 26 इंची चाकात (घेर सुमारे 2.07 मीटर) बिनभाराने ताशी 25 किमी जाते, 328 ची 41 किमी. भार आला की यातले 80–85 टक्के धरा. पण 328 च्या वाइंडिंगला तेवढ्याच टॉर्कसाठी 1.6 पट फेज करंट (कंट्रोलरपासून मोटरकडे जाणाऱ्या तारांतला प्रवाह) लागतो. लहान कंट्रोलर तो देऊ शकत नाही, आणि मग "मोटर कमजोर निघाली" म्हणून ओरड होते.

"प्लॅस्टिकचे दात झिजतात."

नायलॉन आवाज कमी व्हावा म्हणून वापरलेलं असतं. ठरलेल्या प्रवाहात ते वर्षानुवर्षं टिकतं. ते जातं उष्णतेने आणि झटक्याने: जास्त अँपिअरचा कंट्रोलर लावून, उभ्या चढावर थांबलेल्या सायकलला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की. मोटरचा आवाज येतो पण चाक हलत नाही, असं झालं तर चाक हाताने उलटं फिरवा. गिअर आणि क्लच (मोटरचा जोर एकाच दिशेने चाकाला देणारा भाग) शाबूत असतील तर उलटं फिरताना अडल्यासारखं लागतं. दोन्हीकडे मोकळं फिरलं तर दात किंवा क्लच गेला. आतले नायलॉनचे गिअर बहुधा तीन असतात, ते तिन्ही एकदम बदला, दात मोजून आणि बाहेरचा व्यास घेऊन. ग्रीस प्लॅस्टिकला चालणारंच हवं.

"उतारावर बॅटरी भरते."

ताशी 25 किमी वेगातल्या 100 किलोंची सगळी गतिज ऊर्जा मिळून 0.67 वॅट-तास. 36 व्होल्ट, 13 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 468 वॅट-तास असतात. दर सिग्नलला थांबून काय भरणार? शंभर मीटर उंचीवरून उतरताना 27 वॅट-तास मोकळे होतात खरे, पण त्यातलेही बरेच हवा, टायर आणि मोटर खातात. खरा फायदा ब्रेक पॅडचा, आणि डोंगराळ रस्त्यावर तो लहान नाही. फक्त निघताच उतार असेल तर बॅटरी काठोकाठ भरू नका. बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) चार्जिंग तोडलं की व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलर उडू शकतो.

"चाक बदललं की झालं."

इथे हलगर्जी केली तर हाडं मोडतात. एक्सलला दोन बाजूंनी सपाट केलेलं असतं, बहुतेकदा 10 मिमी. मोटर 40 न्यूटन-मीटर देते तेव्हा ती एक्सलला उलट दिशेने तितकंच पिळते. हे पिळणं जेमतेम 10 मिमी अंतरावर पेलायचं, म्हणजे दोन्ही ड्रॉपआउट (फ्रेम किंवा फोर्कमधल्या, एक्सल बसतो त्या खाचा) मिळून सुमारे 4000 न्यूटन. ॲल्युमिनियमचा फोर्क याने फाकतो. 100 मिमी लांबीचा पोलादी टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी, फ्रेमला बांधलेली पट्टी) लावला की त्याच्या टोकाला 400 न्यूटनच उरतात. रिजन (ब्रेक लावताना मोटरने बॅटरी भरणं) असेल तर पिळण्याची दिशा सारखी बदलते आणि नट ढिले होतात. तेव्हा दोन्ही बाजूंना आर्म लावा. कार्बन फोर्कमध्ये हब मोटर नकोच.

दोन ड्रॉपआउटमधल्या अंतराचं मोजमाप आधी घ्या: पुढे 100 मिमी, मागे बहुधा 135. डिस्क कॅलिपर हबच्या कव्हरला घासतो का ते पाहा. 12 गेजचे जाड स्पोक मजबूत वाटतात, पण साध्या रिमवर ते पुरेसे ताणता येत नाहीत आणि सैल पडतात. 13 किंवा 14 गेज बरे. पहिल्या 100 किमीनंतर स्पोक आणि नट दोन्ही तपासा. एक्सल फिरला तर त्यातून बाहेर येणारी केबल पिळवटते, फेजच्या तारा एकमेकींना चिकटतात आणि कंट्रोलर जळतो.