प्रतिक्रियेला उत्तर: पहारेकरी वेगळा, गल्ला वेगळा

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ॲपचं दुकान एकच आणि कडक असावं, नाहीतर व्हॉट्सॲपवरची ‘लग्नपत्रिका’ (पत्रिकेच्या नावाखाली पाठवलेलं चोरटं ॲप) उघडून लोकांची खाती रिकामी होतात. आयफोनवाल्यांना हा ताप नाही, कारण तिथे दार एकच आहे. आणि मी मूळ लेखात ॲपच्या दुकानांच्या कमिशनबद्दल बोललो म्हणजे बड्या कंपन्यांची वकिली केली.

लग्नपत्रिकेचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता, हे मान्य. पण ती चोरी होते कशी ते पाहा. एपीके फाइलवर (अँड्रॉइडवर ॲप टाकायची फाइल) बोट ठेवलं की फोन आधी अडवतो: व्हॉट्सॲपला ॲप टाकायची परवानगी द्यायची का? ती दिली की ‘पत्रिका’ एसएमएस वाचायची परवानगी मागते. खरी चोरी इथे होते, कारण पुढचा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये गूगलने भारतासाठी प्ले प्रोटेक्टच्या, म्हणजे अँड्रॉइड फोनवरच ॲप्स तपासणाऱ्या सोयीच्या, नव्या पहाऱ्याची चाचणी जाहीर केली. ब्राउझर, मेसेजिंग किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस मिळवणं, एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं आणि ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची, चालवायची परवानगी) यांपैकी काही मागत असेल, तर ते टाकूच द्यायचं नाही. हा पहारा फोनवर आहे, दुकानाच्या दारात नाही.

आयफोनचंही तसंच. तिथे कुठल्याच ॲपला एसएमएसचा इनबॉक्स वाचता येत नाही, मग ते दुकानातून आलेलं का असेना. दार सताड उघडं असतं तरी या पत्रिकेच्या हाती तिथे ओटीपी लागला नसता.

शिवाय दारातूनही बरंच काही आत येतं. सप्टेंबर 2015 मध्ये चीनमधल्या अनेक डेव्हलपरांनी एक्सकोडची (आयफोनची ॲप्स बनवायचं ॲपलचं साधन) भेसळ केलेली प्रत वापरली आणि त्यांची ॲप्स दूषित होऊन थेट ॲप स्टोअरमध्ये पोचली. फेब्रुवारी 2024 मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपची ‘लासपास’ नावाची नक्कल तिथेच सापडली. आपल्याकडे धमक्या देऊन वसुली करणारी कर्जाची ॲप्सही प्ले स्टोअरवरच होती. एप्रिल 2021 ते जुलै 2022 या काळात गूगलने तशी अडीच हजारांहून जास्त ॲप्स काढली.

एका दुकानाचे फायदे मात्र आहेत, आणि तुम्ही लिहिले त्याहून जास्त आहेत. सगळी सबस्क्रिप्शनं एका जागी दिसतात आणि तिथेच बंद होतात. बाहेर पैसे भरले की रद्द करायचं बटण शोधत बसा. दुसरं सहीचं. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि अँड्रॉइडवर ॲपचं अपडेट त्याच सहीचं लागतं. एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲप्सचं वेगळं दुकान बरीच ॲप्स मूळ कोडपासून स्वतः बांधून स्वतःच्या किल्लीने सही करतं. म्हणून असं एफ-ड्रॉइडवरून घेतलेलं ॲप प्ले स्टोअरवरून अपडेट करायला गेलात तर होत नाही. जुनं काढावं लागतं आणि बॅकअप नसेल तर आतला डेटा जातो. चार दुकानं म्हणजे हा घोळ आलाच.

आता कमिशन. समजा मासिक वर्गणी 118 रुपये. 18 रुपये जीएसटी गेला, उरले 100. प्ले स्टोअरचे वर्गणीवर 15 टक्के, म्हणजे हातात 85. एकदाच विकायच्या डिजिटल मालावर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत तेवढेच, त्यापुढे साधारणपणे 30 टक्के. गिऱ्हाइकाला स्वतःच्या पेमेंट गेटवेचा (गूगलबाहेर पैसे भरायचा) पर्याय दिला आणि त्याने तो निवडला, तर सूट फक्त चार टक्क्यांची: 15 चे 11. यूपीआय फुकट असलं तरी हे 11 सुटत नाहीत. फुकट ॲपला, टॅक्सीला, जेवणाच्या ऑर्डरला हे लागू नाही. लागतं ते डिजिटल माल विकणाऱ्याला. त्यात छोटे क्लासवालेही आले, फक्त बडे नाहीत.

माझा खरा आक्षेप टक्क्यांवर नाहीच. 1 मार्च 2024 ला गूगलने नोकरी, भारत मॅट्रिमनी अशी ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली. कारण सुरक्षेचं नव्हतं, शुल्काच्या वादाचं होतं. सरकार मध्ये पडलं आणि काही दिवसांत ती परत आली. पहारेकऱ्याकडेच गल्ला दिला की असं होतं: उधारीवरून वाद झाला तरी दार बंद.

दोन्ही वेगळं करता येतं. मॅकवर बाहेरून घेतलेलं ॲपही ॲपलकडून तपासून शिक्का मारून आणता येतं आणि बिनशिक्क्याचं मॅक सहजी उघडत नाही. (मॅकवर मालवेअरचं, म्हणजे घातक ॲप्सचं, जे प्रमाण आहे ते आम्हाला मान्य होण्याजोगं नाही, असं ॲपलचेच सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी यांनी 2021 मध्ये कोर्टात सांगितलं, हा मुद्दा तुमच्या बाजूचा.) मार्च 2024 पासून युरोपात आयफोनवर दुसरी दुकानं आली. तपासणी ॲपलकडेच राहिली, पण नव्या अटी घेणाऱ्याला दहा लाखांपुढच्या प्रत्येक वार्षिक इन्स्टॉलला अर्धा युरो लावला. गल्ला मागच्या दाराने परत आलाच.

घरच्यांच्या अँड्रॉइड फोनची काळजी असेल तर सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा (जागा कंपनीप्रमाणे बदलते) आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर तिन्ही बंद करा. मग परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस उघडून यादी बघा. कॅल्क्युलेटर किंवा पत्रिका तिथे दिसली तर काढून टाका. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल तर आधी ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून तिची खूण काढा. पत्रिका उघडून झाली असेल तर आधी त्या फोनचं इंटरनेट आणि सिम दोन्ही बंद करा, आणि बँकेला व 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला दुसऱ्या फोनवरून कळवा.