जॅकेट आहे, पण कोणाच्या मापाचं?

आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक तळं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळ्यांना तोटा नाही. उन्हाळ्यात शनिवार उजाडला की शेजारीपाजारी गाडीला होडी जोडून निघतात. पहिल्या वर्षी एका शेजाऱ्याने आम्हाला बोलावलं. होडी पाण्यात उतरण्याआधी त्याने माझ्या लेकीला समोर उभं केलं, लाइफ जॅकेटची बक्कलं लावली आणि म्हणाला, हात वर कर. मग खांद्याच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर ओढलं. ते तिच्या कानांपर्यंत आलं. त्याने मान हलवली, ते उतरवलं आणि धक्क्यावरच्या फळीवरून दुसरं, लहान जॅकेट काढून आणलं. तिथे मुलांच्या मापाची जॅकेटं टांगलेली असतात. घ्या, वापरा, परत अडकवा, पैसे नाहीत. आतल्या चिठ्ठीवर वजन छापलेलं होतं, ३० ते ५० पौंड, म्हणजे साधारण १४ ते २३ किलो. या राज्यात दहा वर्षांखालच्या मुलाने चालत्या होडीत जॅकेट घातलेलं असलंच पाहिजे, असा कायदा आहे.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली आणि १५ माणसं गेली. त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. लाँचमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं का घेतली, नौदलाने गर्दीच्या पाण्यात स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी का घेतली, असे प्रश्न होते. दुसऱ्या दिवशी गेटवेला जॅकेट सक्तीचं झालं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने लिहिलं, "ताई, एवढी धडक बसल्यावर जॅकेट काय करणार?" त्याचा राग मला कळतो. जॅकेटने धडक टळली नसती, हे खरंच आहे. पण धडकेनंतर माणसं पाण्यात होती आणि मदत पोचेपर्यंत पोहता न येणाऱ्याने काय करायचं?

शिस्त फक्त परदेशातच असते, असं मात्र मी म्हणणार नाही. जुलै २०१८ मध्ये मिसुरी राज्यातल्या टेबल रॉक तळ्यात वादळात पर्यटकांची बोट बुडाली. ३१ पैकी १७ जण गेले, त्यातले नऊ एकाच कुटुंबातले. जॅकेटं बोटीत होती, डोक्यावर टांगलेली. ती घाला, असं कप्तानाने सांगितलंच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. त्यांतली बहुतेक बुडून, आणि बुडालेल्या दर शंभरांतल्या ८७ जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. होडीत जॅकेट असणं आणि अंगात असणं या दोन गोष्टी आहेत, हे इथल्या लोकांनाही किंमत मोजूनच कळतंय.

भावाचा दुसरा मुद्दा असा, की न्यूयॉर्कच्या मोठ्या फेरीबोटीत तरी जॅकेट कोण घालतं? कोणी घालत नाही. पण ते हजारो माणसं नेणारं जहाज आहे आणि त्यावरच्या खलाशांची संकटाची तालीम झालेली असते. घारापुरीची लाँच किंवा उजनीतली होडी यांची त्याच्याशी तुलना कशी करायची? २१ मे २०२४ ला उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यात आईवडील आणि त्यांची दोन चिमुकली होती. ती काही सहल नव्हती. पलीकडे जायची त्या गावांची ती रोजची वाट.

घारापुरीच्या लाँचच्या अपघातानंतर महिन्याभराने आम्ही भारतात आलो. लेकीला घारापुरीची लेणी बघायची होती. लाँचवर सगळ्यांना नारिंगी जॅकेटं वाटली. सक्ती पाळली जात होती, मला बरं वाटलं. लेकीला दिलेलं जॅकेट मोठ्यांच्या मापाचं होतं. मी तिला हात वर करायला सांगितलं आणि ओढून पाहिलं, तर ते डोक्यावरून सरळ निघून हातात आलं. लहान मागितलं. खलाशी म्हणाला, "मॅडम, एकच साइज असतो. दोरी घट्ट बांधा." शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तासाभराचा तर प्रवास, उकडतंय पोरीला, राहू दे की." त्या मायेनेच बोलत होत्या. पण सैल जॅकेट पाण्यात वर तरंगतं आणि मूल खालून निसटतं.

वाद क्षमतेचा व्हावा, परवान्यांचा व्हावा, नौदलालाही जाब विचारला जावा. त्याबरोबर एवढं तरी मागूया, की तिकीट खिडकीशेजारी मुलांच्या दोन-तीन मापांची जॅकेटं टांगलेली असावीत, गेटवेला, मालवणला, उजनीच्या काठावरही. तिकिटावर रुपया-दोन रुपये वाढले तरी चालतील. आणि आईबापांनी पैसे देण्याआधी विचारावं, लेकराच्या मापाचं आहे का?

आम्ही त्या दिवशी लाँचमधून उतरलो. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. लेक खूप रडली. मग गेटवेच्या कट्ट्यावर बसून आम्ही कणीस खाल्लं आणि लाँच निघताना पाहत राहिलो.