आईने पत्रांत लिहायचे सोडले ते

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठराव आला: घरकामाला येणाऱ्या बायकांचे बोटांचे ठसे आणि चेहरे गेटवर नोंदवायचे आणि पोलिसांनी विचारल्यास ती माहिती देऊन टाकायची. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सुशिक्षित माणसांनी त्याखाली भराभर अंगठे दिले आणि एका सद्गृहस्थांनी लिहिले, ‘ज्याने काही केलेले नाही, त्याला भीती कसली?’

आणीबाणीत आम्ही नौपाड्यात राहत होतो. संगमनेरचा माझा मामा समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता होता आणि त्याची पत्रे फोडून पुन्हा डिंकाने चिकटवलेल्या पाकिटांतून आईकडे येऊ लागली. आईने काय केले होते? पण त्यानंतर मावशीचे दुखणे, बाबांच्या नोकरीची काळजी, सासूशी झालेली बोलाचाली, सारे तिच्या पत्रांतून गळून गेले आणि ‘इकडील सर्व क्षेम’ एवढेच उरले.

उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांनी तरी काय केले होते? 1941 साली दरोड्याच्या संशयावरून त्यांना पकडले आणि पुराव्याअभावी सोडले, तरी पोलिसांनी त्यांच्या नावाने हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळत ठेवण्यासाठीची नोंद, उघडली आणि रात्री-अपरात्री दार ठोठावणे सुरू झाले. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असेही बहुमताने सांगितले. तो हक्क नऊ न्यायाधीशांनी एकमताने मान्य करायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला.

आणि 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा? त्याने तर अख्ख्या जमातींवर जन्मापासून शिक्का मारला. नोंदणी, रोजची हजेरी, पुढे ठसे आणि या जमातींना डांबून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण. कायदा 1952 साली रद्द झाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची आजी त्या कुंपणात वाढली आणि आज त्या आजीच्या नातीने गेटवर पुन्हा बोट टेकवावे, असा ठराव आपण चहा पिता पिता करतो! मला याची मनापासून चीड येते.

कॅमेऱ्यामुळे सोनसाखळीचोर सापडतात, हे मान्य. पण साठवलेली माहिती कुलुपात राहत नाही. 2018 साली लोकांच्या मोबाइलचे कॉल रेकॉर्ड बेकायदा विकणाऱ्यांना आपल्याच ठाणे पोलिसांनी पकडले होते.

ते सद्गृहस्थ वाईट नाहीत. त्यांच्या घरी दोन लहान मुली आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. माझी आईसुद्धा काळजीपोटीच गप्प झाली होती. मार्च 1977 मध्ये आणीबाणी उठली, पाकिटे धड येऊ लागली, तरी तिची लेखणी मोकळी झाली नाही. ती गेल्यावर मामाने जपलेली तिची पत्रे मी वाचली. मावशीचे मूल गेले त्या महिन्यातल्या पत्रातही पाऊसपाणी आणि क्षेमकुशलच होते. काहीही न केलेल्या माणसाचे काय जाते, असे विचारणाऱ्यांना मी ते पत्र दाखवीन.

खासगी माहितीच्या संरक्षणाचा म्हणून 2023 साली जो कायदा झाला, त्याच्या 17 व्या कलमानुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे देऊन केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकते. अशी सूट देण्याआधी न्यायाधीशासमोर कारण मांडण्याची अट त्यात असायलाच हवी होती आणि ती घातली जावी, यासाठी आपण आपापल्या खासदारांना लिहिले पाहिजे.